सुकाणू फिरवलं, जहाज वळलं नाही

जहाज चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये पहिली वीस मिनिटं बहुतेक वेळा काहीच घडत नाही. हे ज्यांना सोसत नाही ते गाड्यांच्या शर्यती खेळतात. ज्यांना हेच हवं असतं त्यांच्यासाठी हे गेम बनतात. धक्क्याला बांधलेले दोर सोडायचे, टगच्या मदतीनं बंदराच्या तोंडाशी यायचं आणि मग सहा नॉटनं, म्हणजे ताशी जेमतेम अकरा किलोमीटरनं, समोरच्या करड्या पाण्याकडे बघत राहायचं. रॉटरडॅमच्या व्हीस्टेप या कंपनीनं २००६ साली ‘शिप सिम्युलेटर’ आणला, २००७ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली आणि ऑगस्ट २०१० मध्ये ‘शिप सिम्युलेटर एक्स्ट्रीम्स’. त्यात वादळं होती, बर्फाळ समुद्र होते, ग्रीनपीसच्या मोहिमासुद्धा होत्या. तरी या मालिकेच्या चाहत्याला विचारलं तर तो वादळाआधी धक्क्याला जहाज नीट लावण्याबद्दल बोलेल. त्याचा जीव तिथे अडकलेला असतो.

अशा खेळाडूची चिडचिड इतर खेळाडूंच्या चिडचिडीहून वेगळी असते. बंदुकीच्या गेममध्ये सैनिक भिंतीत अडकला तर लोक हसतात, चित्रफीत काढतात, पुन्हा सुरुवात करतात. गेलं काय, तर अर्धं मिनिट. जहाजाच्या गेममध्ये घोटाळा चाळिसाव्या मिनिटाला होतो आणि तोवरची सगळी कमाई बुडते. पण वेळ वाया जाणं हे दुखणं वरवरचं आहे. खरं दुखणं असं, की घोटाळा झाला तेव्हा तो आपला की गेमचा, हे खेळाडूला पटकन कळत नाही. जहाज ही गोष्टच अशी आहे की तिचं खरं वागणं नवख्याला बिघाडासारखं वाटतं आणि बिघाड कधीकधी खऱ्या वागण्यासारखा दिसतो.

आधी खऱ्या जहाजाचं वागणं पाहू. जहाजाला ब्रेक नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००२ साली मान्य केलेल्या निकषांत असं धरलं आहे, की पूर्ण वेगात असताना इंजिन पूर्ण उलटं फिरवलं तर जहाज स्वतःच्या लांबीच्या पंधरा पटींत थांबावं. तीनशे मीटरचं जहाज म्हणजे साडेचार किलोमीटर, आणि फार अवजड जहाजांना त्याहून थोडी जास्त सूट. वळणाचंही तसंच. सुकाणू पूर्ण फिरवल्यावर नव्वद अंश वळेपर्यंत जहाजानं मूळ दिशेत साडेचार लांब्यांपेक्षा जास्त पुढे जाऊ नये, एवढीच अपेक्षा. चारशे मीटरच्या जहाजाच्या बाबतीत ते अंतर अठराशे मीटर भरतं. घरी बसलेल्या माणसानं बाणाचं बटण दाबलेलं असतं आणि पडद्यावर काहीही बदललेलं नसतं. तो आणखी दाबतो. मग जहाज वळायला लागतं आणि थांबतच नाही.

शिवाय जहाज मोटारीसारखं पुढच्या बाजूनं वळत नाही. पुढे जाताना ते स्वतःच्या लांबीच्या पुढच्या तिसऱ्या भागाच्या आसपासच्या एका बिंदूभोवती फिरतं, त्यामुळे नाळ थोडी आत सरकते आणि पिछाडी भलतीकडे झाडूसारखी फिरते. उजवीकडे वळून धक्क्यापासून दूर जायला निघालेला नवखा खेळाडू जहाजाची शेपटी धक्क्यावर आपटतो आणि गेमला शिव्या देतो. इंजिन बंद केलं की सुकाण्यावरून जाणारा पाण्याचा झोत थांबतो आणि सुकाणू बरंचसं निरुपयोगी होतं. सर्वसाधारण उजव्या फिरकीच्या एका पंख्याचं जहाज इंजिन उलटं घातल्यावर पिछाडी डावीकडे ओढतं. उथळ पाण्यात वेगानं जाणारं जहाज आणखी खाली बसतं. १९९२ साली क्वीन एलिझाबेथ २ हे प्रवासी जहाज मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ खडकाला घासलं, त्यात या परिणामाचा हात होता. अरुंद कालव्यात काठाजवळून जाताना पिछाडी काठाकडे खेचली जाते आणि नाळ काठापासून दूर ढकलली जाते. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवं अडकलं तेव्हा या ओढीची चर्चा जगभर झाली.

हे सगळं गेममध्ये आणायचं म्हणजे खेळाडूला न आवडणारं सत्य त्याच्या गळी उतरवायचं. तो ते आनंदानं गिळतो, पण एका अटीवर: जहाज धक्क्याला आपटलं तर ते माझ्यामुळे आपटलं असलं पाहिजे. चूक माझी, म्हणून पुढच्या वेळी सुधारणाही माझी. हा हिशेब पक्का असेल तोवर पन्नासदा आपटूनही माणूस खेळत राहतो. बग, म्हणजे प्रोग्राममधला बिघाड, या हिशेबातच घुसतो.

आता बग कुठून येतात ते पाहू. त्यातला सगळ्यात मनोरंजक मला आकड्यांचा वाटतो.

गेममधल्या प्रत्येक वस्तूची जागा आकड्यांत लिहिलेली असते: अमुक एका मध्यबिंदूपासून इतके मीटर पूर्वेला, इतके उत्तरेला. हे आकडे बहुतेक वेळा ३२ बिटांत साठवले जातात आणि त्यांत साधारण सात अंकांपुरतीच अचूकता असते. मध्यबिंदूजवळ ती भरपूर पुरते. शंभर किलोमीटर दूर गेलं, की लागोपाठच्या दोन शक्य जागांमधलं अंतर आठ मिलिमीटरांच्या आसपास होतं. हजार किलोमीटरवर ते सहा सेंटिमीटर होतं. ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली तर काटा हलत नाही, तसा हा प्रकार: आकडा जितका मोठा, तितकं बारीक मोजणं अशक्य. रॉटरडॅमला शून्य मानून जग मांडलं, तर तिथून सरळ रेषेत सुमारे सात हजार किलोमीटरवर असलेल्या मुंबईत ही पायरी अर्ध्या मीटरची होते. कठडे थरथरतात, क्रेनचे सांधे सुटल्यासारखे दिसतात, दोर नाचतात.

याहून वाईटही होऊ शकतं. सहा नॉटनं जाणारं जहाज सेकंदाला तीन मीटर सरकतं. गेम सेकंदाला साठदा हिशेब करत असेल तर दर वेळी पाच सेंटिमीटर. अर्ध्या मीटरच्या पायऱ्या असलेल्या आकड्यात पाच सेंटिमीटर मिळवले, की उत्तर जवळच्या पायरीला बसवताना ते पुसलेच जातात. इंजिन चालू, पंख्यामागे फेस, वेगाचा काटा सहावर, आणि जहाज जागच्या जागी. समोर बसलेला माणूस काय समजेल? प्रवाह उलटा असेल. जहाज गाळात रुतलं असेल. तो तासभर खोली मोजेल.

यावरचा उपाय जुना आणि थोडा गमतीचा आहे. जहाज हलवायचंच नाही. जहाज शून्यावर ठेवायचं आणि ठरावीक अंतरानंतर अख्खं जग मागे सरकवायचं. कर्बल स्पेस प्रोग्राम या अंतराळयानांच्या गेममध्ये दूरवर गेलेली यानं कारण नसताना हादरून तुटायची. खेळाडूंनी त्या अदृश्य शत्रूला ‘क्रॅकन’ असं समुद्री राक्षसाचं नाव दिलं होतं आणि त्याला आवरायला निर्मात्यांनी हीच युक्ती वापरली. पण जग सरकवताना एखादी गोष्ट राहून जाते. धुराचा लोट मागेच राहतो, टगचा दोर जुन्या जागेला बांधलेला उरतो आणि क्षणात किलोमीटरभर ताणला जाऊन जहाजाला भिरकावतो. एका बगच्या पोटातून दुसरा.

भिरकावण्यावरून आठवलं: धक्क्याला अलगद टेकलेलं जहाज एकाएकी आकाशात उडाल्याच्या चित्रफिती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना कारण ऐकायला आवडेल. गेमला सलग काळ ठाऊक नसतो; तो काळाचे तुकडे पाडतो. एका तुकड्यात जहाज धक्क्याच्या बाहेर असतं, पुढच्या तुकड्यात चार सेंटिमीटर काँक्रीटच्या आत. आत घुसलेल्याला बाहेर ढकलायचं, जितकं खोल तितक्या जोरानं, असा नियम असतो. जहाज हजारो टनांचं, म्हणून जोरही प्रचंड ठेवलेला. तो जोर पूर्ण तुकडाभर लागतो, जहाज गरजेपेक्षा लांब फेकलं जातं, दोर त्याला परत खेचतात, ते आणखी खोल घुसतं. तीनचार फेऱ्यांत आकडे फुगत जाऊन जहाज विमान होतं. काळ पळवण्याची सोय असली की तुकडेही मोठे होतात. पाणबुड्यांच्या सायलेंट हंटर ३ मध्ये वेळ १०२४ पट पळवता येते. समजा, गेमनं इथेही सेकंदाला साठदाच हिशेब केला, तर दहा नॉटनं चाललेली पाणबुडी एका उडीत ८८ मीटर जाईल. त्या गेममधली सातव्या प्रकारची जर्मन पाणबुडी मुळात ६७ मीटरची. वाटेत काय होतं ते तिला कळणारच नाही. म्हणून किनारा किंवा शत्रू दिसला की असे गेम वेळ आपोआप हळू करतात, आणि घाईतल्या खेळाडूला तेही सतावतं.

मग लाटा. आज पडद्यावर जो समुद्र दिसतो, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा जेरी टेसेनडॉर्फ यांची पद्धत असते: असंख्य छोट्यामोठ्या लाटांची बेरीज करून एक खवळलेला पृष्ठभाग उभा करायचा. ‘टायटॅनिक’ चित्रपटातल्या समुद्रासाठी त्यांचं काम वापरलं गेलं होतं. चित्रपटात एक सोय असते. जहाज आणि पाणी पटलं नाही तर कलाकार हातानं जुळवून घेतात. गेममध्ये पाणी रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं आणि जहाजाला तरंगवण्याचा हिशेब बहुधा मुख्य प्रोसेसर. दोघांचा समुद्र एकच असायला हवा. शिवाय लाटांचे माथे टोकदार दिसावेत म्हणून पाण्याचे बिंदू आडवेही सरकवलेले असतात. त्यामुळे ‘नाळेखाली आत्ता पाणी किती उंच?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळत नाही, अंदाज घेत घेत शोधावं लागतं. हे जमलं नाही की जहाज लाटेच्या वर हवेत लटकतं, किंवा डेकच्या आतून समुद्र वाहताना दिसतो. दहा जण एकत्र खेळत असतील तर दहा घरांतल्या दहा समुद्रांना एकाच क्षणी एकच लाट यावी लागते. नाहीतर एकाच्या पडद्यावर झालेली टक्कर दुसऱ्याच्या पडद्यावर झालेलीच नसते, आणि दोघेही खरं बोलत असतात.

कॉम्प्युटर चालवतो त्या इतर जहाजांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की खेळाडू थांबत नाहीत. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. इंजिनावर चालणारी दोन जहाजं समोरासमोर आली तर दोघांनी उजवीकडे वळायचं. वाटा आडव्या जात असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज दिसतं त्यानं वाट द्यायची. खेळाडू हे पाठ करून येतो. समोरचा टँकर मात्र ठरवून दिलेल्या बिंदूंवरून आगगाडीसारखा सरळ येतो, धडकतो, आणि दंड खेळाडूला होतो. निर्मात्यांना हे ‘मर्यादा’ वाटते, खेळाडूला अन्याय. मी खेळाडूच्या बाजूचा आहे. नियम शिकवणाऱ्या खेळानं नियम पाळणाऱ्याला शिक्षा करू नये.

एवढं वाचून कोणी म्हणेल, खरा समुद्र बरा. पण ‘यंत्र बिघडलंय की मी चुकतोय’ हा पेच खऱ्या जहाजाच्या ब्रिजवरही, म्हणजे ते जिथून चालवतात त्या खोलीतही, उभा राहिलेला आहे, आणि तिथे पुन्हा सुरुवात करायचं बटण नसतं.

२१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळच्या गजबजलेल्या सामुद्रधुनीत अमेरिकन नौदलाच्या जॉन एस. मॅकेन या विनाशिकेवर सुकाणू आणि वेग यांचं काम दोन माणसांत वाटून देण्याचं ठरलं. हे टचस्क्रीनवरून करायचं होतं. करताना वेगाबरोबर सुकाण्याचा ताबाही दुसऱ्या जागेवर गेला, आणि सुकाणूवाल्याला तो गेल्याचं कळलं नाही. त्यानं सुकाणू निकामी झाल्याचं सांगितलं. ते निकामी नव्हतं. चाललं होतं, फक्त त्याच्या हातात नव्हतं. वेग कमी करायला सांगितल्यावर दोन पंख्यांपैकी एकाचाच वेग उतरला, कारण दोन्हींचे ताबे जोडलेले राहिले नव्हते, आणि जहाज डावीकडे ओढलं गेलं. ते अल्निक एमसी या टँकरच्या वाटेत आलं. दहा नौसैनिक मरण पावले. तपासात पडद्यावरच्या रचनेवर बोट ठेवलं गेलं आणि नौदलानं विनाशिकांवर हातानं ओढायचे जुने थ्रॉटल परत बसवायचं ठरवलं.

त्याच्या बावीस वर्षं आधीची गोष्ट आणखी शांतपणे घडली. रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची वायर निसटली. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं उपग्रहांचा नाद सोडला, वेग आणि दिशेवरून अंदाजानं जागा सांगायला सुरुवात केली, आणि तसं करतोय हे पडद्यावर दोनतीन बारीक अक्षरांत लिहिलं. स्वयंचलित सुकाण्यानं ती जागा खरी मानली. सुमारे चौतीस तास कोणाच्या लक्षात आलं नाही. पंधराशेवर माणसं घेऊन जहाज नॅन्टकेटजवळ वाळूत रुतलं तेव्हा ते ठरलेल्या वाटेपासून सतरा मैल बाजूला होतं. सुदैवानं कोणाला इजा झाली नाही. मघाचं गेममधलं जागच्या जागी थांबलेलं जहाज आणि हे जहाज एकाच जातीच्या फसवणुकीचे बळी आहेत: काट्यावर दिसणारा आकडा चुकीचा होता, पण शंका यावी असं त्याच्यात काहीच नव्हतं.

खलाशी तयार करणाऱ्या संस्थांनी या पेचावर एक व्यवस्था बसवली आहे. रडारच्या प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर वापरणं १९९५ साली सुधारलेल्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारानं बंधनकारक केलं. कोकणातल्या ज्या घरांत कोणीतरी ‘बोटीवर’ असतं, त्यांना परीक्षा आणि सिम्युलेटरच्या कोर्सच्या तारखांभोवती फिरणाऱ्या सुट्ट्या चांगल्याच ठाऊक असतात. मागे ज्या रॉटरडॅमच्या कंपनीचा उल्लेख आला, तीही नॉटिस या नावानं व्यावसायिक प्रशिक्षणाचे सिम्युलेटर बनवते. अशा सिम्युलेटरमध्ये बग नसतात असं नाही. पण तिथे शेजारच्या खोलीत शिक्षक बसलेला असतो. त्याला सगळ्यांचे पडदे दिसतात. काही विचित्र झालं तर तो सराव थांबवतो आणि सांगतो, ‘हे तुझं नव्हे, मशीनचं होतं; पुन्हा घेऊ.’ किंवा याच्या उलट सांगतो. नंतर नोंद काढून, मिनिटामिनिटाचा नकाशा समोर ठेवून चूक कोणाची ते ठरतं. घरी खेळणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. माझ्या मते या गेममधली खरी उणीव हीच आहे. लाटा थोड्या वाईट चालतील. पण शेवटच्या दहा मिनिटांत वारा किती होता, प्रवाह कुठला होता, सुकाणू कधी किती अंशांवर होतं आणि जहाजावर कुठल्या बाजूनं किती जोर आला, हे उलगडून दाखवणारी पाटी हवी. निम्म्या तक्रारी तिथेच विरतील आणि उरलेल्या निम्म्यांना पुरावा मिळेल. पुराव्याशिवायची तक्रार निर्मात्याच्याही उपयोगाची नसते, कारण बग दुरुस्त करायचा तर आधी तो मुद्दाम पुन्हा घडवता यावा लागतो. आणि चाळिसाव्या मिनिटाला घडणारा बग पुन्हा घडवायचा तर दर प्रयत्नाला चाळीस मिनिटं मोजावी लागतात.

धंद्याची बाजूही आहे. या खेळांचा बाजार लहान, म्हणून चमू लहान, आणि प्रकाशनाची तारीख कोणासाठी थांबत नाही. क्वचित थांबते. सायलेंट हंटर ३ चं काम चालू असताना त्यातल्या मोहिमा ठरीव असणार, युद्धाच्या ओघाप्रमाणे बदलणार नाहीत, हे कळल्यावर चाहत्यांनी गिल्ला केला. युबिसॉफ्टनं ते ऐकून प्रकाशन पुढे ढकललं आणि मार्च २००५ मध्ये बदलत्या मोहिमेसकट गेम आला. त्याच कंपनीचा सायलेंट हंटर ५ मार्च २०१० मध्ये आला तो मात्र अर्धवट वाटणारा, आणि वर एक अट घेऊन: खेळताना इंटरनेट सतत चालू हवं, तुम्ही एकटे खेळत असलात तरी. ७ मार्चला कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजून गेम घेतलेल्या कित्येकांना पाणबुडी बंदराबाहेर काढता येईना. ज्या जहाजाचा दरारा पाण्याखाली नजरेआड दडी मारण्यात होता, ते कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं तुटलं म्हणून जागचं हलेना. अशी सततची अट आपण सोडून दिल्याचं कंपनीनं २०१२ साली सांगितलं.

मग उरतात खेळाडूच. सायलेंट हंटर ३ साठी ‘ग्रे वुल्व्ज’, पाचव्या भागासाठी ‘वुल्व्ज ऑफ स्टील’ असे प्रचंड मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या पुरवण्या, हौशी लोकांनी फुकट बनवले, वर्षानुवर्षं सुधारले, आणि कंपनीनं सोडून दिलेले गेम खेळण्याजोगे केले. ‘ब्रिज कमांड’ हा जहाजांचा सिम्युलेटर तर खुलाच आहे. जहाज का वळलं नाही ते प्रोग्राम उघडून वाचता येतं. जे बग कोणालाच काढता आले नाहीत, त्यांच्याभोवती खेळाडूंनी नौकानयनाचे स्वतःचे नियम रचले. त्यातला सायलेंट हंटर ३ चा नियम नवख्याला अजूनही पहिल्याच दिवशी सांगितला जातो. पाण्याखाली असताना खेळ सेव्ह करायचा नाही, आणि जवळपास दुसरं जहाज असताना तर मुळीच नाही. पुन्हा उघडल्यावर काय होईल याचा भरवसा नाही. आधी पाणबुडी वर आणायची, चारी बाजूंचं क्षितिज मोकळं आहे ना ते दुर्बिणीतून पाहायचं आणि मगच सेव्ह करून झोपायला जायचं.